तेवीस तासांचे बूट

ऑक्टोबर २०१९मध्ये धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. मुलगा झाला होता, वजन चांगलं होतं, बाळंतीण सुखरूप होती. मग जरा थांबून तो म्हणाला, "ताई, पाय तुझ्यावर गेलेत."

आमच्या घरात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी १९७९ची. माझं उजवं पाऊल जन्मतः आत वळलेलं होतं. भाच्याची दोन्ही होती. टाच वर ओढलेली, चवडा आत मुडपलेला, तळवे एकमेकांकडे तोंड करून. याला क्लबफूट म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर सीटीईव्ही अशी चार अक्षरं येतात. त्यातल्या 'ई'चा लॅटिन शब्द घोड्यावरून आला आहे, कारण घोडा बोटांवर चालतो आणि त्याची टाच जमिनीला कधी टेकत नाही. हजारात साधारण एका बाळाला हे होतं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये दुप्पट, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात. घरात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते, पण बहुतेक बाळांच्या घरात आधी कुणालाच नसतं. आमच्याकडेही माझ्याआधी कुणाला नव्हतं. त्यामुळे माझ्या वेळी दोष ग्रहणावर गेला, म्हणजे अर्थात आईवर. ग्रहणात ती पाय दुमडून बसली असणार, असं ठरलं. ती कऱ्हाडच्या घरात दिवसभर आडवी पडून होती हे ती अजूनही सांगते.

माझ्या पायाला आधी काही महिने प्लास्टर लागलं, मग मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, मग बूट आले. ते बूट आईने ठेवून दिले आहेत. टाच नसलेला सोल, बाहेरच्या कडेने उंच केलेला. आतली कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. आणि बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाणारी लोखंडी पट्टी. सातव्या वर्षापर्यंत मी तसलेच बूट घातले. पाऊल सरळ झालं. उजव्या पायाला एक नंबर लहान चप्पल लागते, पोटरी बारीक आहे, पण परक्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. घोटा मात्र जवळजवळ हलत नाही. मला उकिडवं बसता येत नाही. चाळिशीनंतर जिना उतरताना दुखतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा जगभर हेच उत्तम समजलं जात होतं.

आणि मग मी भाच्याचे पाय पाहिले. दर आठवड्याला नवं प्लास्टर, मांडीपर्यंत. अशी पाच प्लास्टरं. मग टाचेमागच्या जाड शिरेवर, धोंडशिरेवर, एक छेद. इतका बारीक की टाकासुद्धा घातला नाही. त्यावर तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. नव्या वर्षात ते कापलं तेव्हा पावलं सरळ होती, आणि डॉक्टर ती सहज वरखाली हलवून दाखवत होते. मी तिथे उभी होते. आनंद झाला हे खरं, आणि आणखी काहीतरी झालं हेही खरं.

डॉक्टरांनी मग एक आडवा दांडा काढला. त्याच्या दोन टोकांना दोन इवलेसे बूट, बाहेरच्या बाजूला वळवून बसवलेले. "आता खरं काम सुरू," ते म्हणाले. तीन महिने दिवसाचे तेवीस तास. त्यानंतर फक्त झोपेत, पण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रोज. पाय सरळ झालाय, मग हे कशाला, असं आईने विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी बुटांचा इतिहास वाचायला लागले.

इतिहासाची सुरुवात चमत्कारिक आहे, कारण पहिल्याच माणसाने ते जवळजवळ बरोबर सांगितलं होतं. इसवी सनापूर्वी चारशेच्या आसपासच्या, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात क्लबफूटचं प्रकरण आहे. उपचार लवकरात लवकर सुरू करा. जोर लावू नका. मेणाला आकार द्यावा तसं हळूहळू हाताने पाऊल वळवा. मेण-राळ लावलेल्या पट्ट्या बांधा. पाऊल सरळ होण्यापेक्षा थोडं जास्तच बाहेर न्या. आणि हे सगळं झाल्यावर शिशाचं एक छोटं पादत्राण घाला, खिऑस बेटावरच्या लोकांच्या चपलेच्या घाटाचं. आधी हाताने सरळ करायचं, मग बुटाने धरून ठेवायचं, हा क्रम त्यात स्पष्ट आहे.

पुढे दोनेक हजार वर्षांत हा क्रम हरवला. हाताचं काम बुटाकडे गेलं. पाऊल धरून ठेवण्याऐवजी ते वाकवण्याची जबाबदारी यंत्रावर आली, आणि यंत्र म्हटलं की स्क्रू आले.

१७८०मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ओर्ब गावात झाँ-आंद्रे व्हेनेल याने मुलांच्या हाडांच्या व्यंगांसाठी जगातली पहिली संस्था काढली. मुलं तिथे राहायची, आणि त्यांच्या पायांसाठी त्याने केलेला लाकडी बूट 'व्हेनेलची खडाव' म्हणावा अशा नावाने ओळखला जातो. १८०३मध्ये इटलीत पाव्हियाच्या अंतोनिओ स्कार्पाने लिहिलं की या पावलातली हाडं निखळलेली नसतात, ती आपापल्या आसाभोवती पिळली गेलेली असतात. हे निरीक्षण मोलाचं होतं. पिळलेलं उलगडण्यासाठी त्याने जो बूट केला त्याला बाहेरच्या अंगाने पोलादी स्प्रिंग होती. स्कार्पाचा बूट पुढे शतकभर कारखान्यांच्या यादीत टिकला.

या यंत्रांच्या आत पाय असलेल्या मुलाला काय वाटत असेल, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. एक मुलगा मात्र मोठेपणी इतका प्रसिद्ध झाला की त्याच्या लहानपणच्या गोष्टी लोकांनी गोळा केल्या. कवी बायरन १७८८मध्ये जन्मला तो उजव्या पावलाचं व्यंग घेऊन. ते नेमकं क्लबफूटच होतं का यावर डॉक्टरमंडळी अजून भांडतात. दहा-अकरा वर्षांचा असताना नॉटिंगहॅममध्ये त्याला लॅव्हेंडर नावाच्या, रुग्णालयासाठी पट्टे बनवणाऱ्या माणसाकडे दिलं होतं. तो पायाला तेल चोळून पाऊल जोराने पिळायचा आणि मग लाकडी यंत्रात आवळून ठेवायचा. शिकवणीच्या वेळी पोराला होणाऱ्या वेदना बघून मास्तरच अस्वस्थ झाले, तेव्हा बायरनने त्यांना सांगितलं की यापुढे माझ्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही. सूड त्याने आपल्या पद्धतीने घेतला. कागदावर अक्षरं वाटेल तशी मांडून लॅव्हेंडरला विचारलं, ही कुठली भाषा? तो ऐटीत म्हणाला, इटालियन. पायाला उपयोग काही झाला नाही. पुढे लंडनमध्ये शेल्ड्रेक नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी बूट केले, तेही उशिराच. आणि दोष? तो बायरनने आईला दिला. बाळंतपणातल्या तिच्या फाजील लाजेमुळे पाय असा झाला, असं तो मित्राला म्हणाल्याची नोंद आहे. लंडनमध्ये ग्रहण लागलं नव्हतं, एवढाच फरक.

यंत्रांना मर्यादा होती ती धोंडशिरेची. ती आखूड असेल तर टाच खाली येतच नाही, कितीही स्क्रू फिरवा. १८१६मध्ये फ्रान्समध्ये देल्पेशने ती कापून पाहिली आणि जखम चिघळली. १८३१मध्ये हॅनोव्हरच्या स्ट्रोमायरने कातडीखालून, बारीक छिद्रातून ती कापली. वीसेक वर्षांनी यशस्वी झालेल्या कितीतरी गोष्टींसारखंच हे तेव्हा लोकांना बेताल वाटलं. विल्यम जॉन लिट्ल हा इंग्रज डॉक्टर स्वतः वाकड्या पायाचा. तो १८३६मध्ये हॅनोव्हरला गेला, स्वतःचा पाय पुढे केला, बरा होऊन परतला आणि १८३८मध्ये लंडनमध्ये त्याने या मुलांसाठी रुग्णालय काढलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वात जवळचा वाटतो तो हा लिट्ल.

पण शीर कापून झाल्यावर पाऊल कशात ठेवायचं हा प्रश्न राहिलाच, आणि त्याचं सर्वात भयानक उत्तर एका कादंबरीत आहे. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'त गावचा औषधविक्या ओमे आणि एमा मिळून बिचाऱ्या शार्लला भरीला घालतात. खानावळीतला घोड्यांची देखभाल करणारा इपोलित आपल्या वाकड्या पायावर व्यवस्थित धावत-पळत असतो. त्याला कसलीच अडचण नसते. शार्ल पुस्तक वाचून त्याची शीर कापतो, आणि ते जमतंही. मग सुतार आणि कुलुपवाला यांनी मिळून केलेल्या, लाकूड, लोखंड, पत्रा, चामडं, स्क्रू यांच्या आठेक पौंडी खोक्यात पाय बंद होतो. पाय सुजतो. खोकं काढतात, आणि सूज जरा उतरल्यावर पुन्हा चढवतात, आधीपेक्षा घट्ट. पुढे गँगरीन आणि मांडीतून पाय कापणं. साहित्याचे लोक हा प्रसंग शार्लच्या सुमारपणाचा पुरावा म्हणून वाचतात. मी परवा पुन्हा वाचला तेव्हा मला फक्त ते दुसऱ्यांदा आवळणं दिसलं. बुटाने काम होत नसेल तर बूट आणखी घट्ट करा, हा विचार शार्लचा एकट्याचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाचं उरलेलं सांगण्यासारखं फार नाही. मातिसेन या डच लष्करी डॉक्टरने १८५०च्या सुमाराला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या आणल्या, हे मोठं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने पाऊल पिरगळण्यासाठी चक्क पाना केला, हे त्याच शतकातलं.

मग १९३४ येतं. डेनिस ब्राउन हा मूळचा ऑस्ट्रेलियन, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातला सर्जन. त्याच्या कल्पनेत स्क्रू नव्हता, स्प्रिंग नव्हती. दोन पत्रे, त्यांना चिकटपट्टीने बांधलेली दोन पावलं, आणि दोन्ही पत्र्यांना जोडणारा एक आडवा दांडा. बाळ जागं असलं की लाथा मारतं. एक पाय सरळ झाला की दांड्यामुळे दुसऱ्याला बाहेर वळावंच लागतं. शक्ती बाळाची, दिशा दांड्याची. भारतातल्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजूनही 'डीबी स्प्लिंट' हा शब्द आहे तो याच डेनिस ब्राउनवरून. त्याची गल्लत एवढीच झाली की वळलेलं पाऊल सरळ करण्याचं कामही त्याने दांड्यावरच सोपवलं. पक्क्या वळलेल्या पावलाला ते झेपत नाही.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेत अटलांटाच्या काइट नावाच्या डॉक्टरने स्क्रू आणि पाने सगळे फेकून दिले आणि सौम्यपणे, प्लास्टरवर प्लास्टर घालत पाऊल सरळ करायची पद्धत बसवली. पण त्यात महिनोन्महिने जायचे, आणि पुष्कळ पावलं शेवटी अर्धवटच राहायची. माझी सुरुवातीची प्लास्टरं याच वळणाची असावीत. ती फसली की ऑपरेशन. १९७१नंतर टर्कोचं मोठं ऑपरेशन जगभर गेलं: आतल्या आणि मागच्या बाजूच्या आखडलेल्या सगळ्या शिरा, अस्थिबंध, सांध्यांची आवरणं एका बैठकीत मोकळी करायची. मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी वेगळी वाट काढली. हाडांतून बारीक तारा घालायच्या, त्या बाहेरच्या सांगाड्याला जोडायच्या आणि रोज थोडं थोडं अंतर वाढवत पाऊल उलगडायचं. 'जेस' या नावाने ती पद्धत देशभर वापरली गेली, विशेषतः उशिरा आलेल्या मोठ्या मुलांसाठी.

आणि हे सगळं चाललेलं असताना उत्तर आयोवात तयार होतं.

इग्नासिओ पोन्सेती स्पेनच्या मेनोर्का बेटावरचा, १९१४चा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, पोरगा मदतीला बसायचा. यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने सैनिकांची मोडलेली हाडं बसवत होता. पराभवानंतर जखमींना घेऊन पिरनीज ओलांडून फ्रान्समध्ये गेला, तिथून मेक्सिकोत खेड्यातला डॉक्टर झाला आणि १९४१मध्ये आयोवाला पोहोचला. तिथे त्याला काम मिळालं ते आधीच्या वीस वर्षांत ऑपरेशन झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांचं पुढे काय झालं हे बघण्याचं. पावलं ताठर, कमजोर आणि दुखरी झाली होती. म्हणजे माझ्या पायाचं वर्णन माझ्या जन्माच्या तीसेक वर्षं आधी आयोवात लिहून ठेवलेलं होतं.

पोन्सेतीने पावलाची रचना पुन्हा नीट बघितली. घोट्यातलं एक हाड, टॅलस, जागेवर राहतं आणि बाकीचं पाऊल त्याच्याखालून आत सरकलेलं असतं. काइट अंगठा टेकवायचा तो पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर. त्यामुळे टाचेचं हाड अडायचं आणि वळायचंच नाही. पोन्सेतीने अंगठा टॅलसच्या डोक्यावर टेकवला आणि अख्खं पाऊल त्याच्याखालून बाहेर फिरवलं. अंगठ्याची जागा सेंटीमीटरभर बदलली आणि महिन्यांचे आठवडे झाले. बाळाचे अस्थिबंध नागमोडी धाग्यांचे असतात. हळू ताणले की सैल होतात, आठवड्याने पुन्हा ताणता येतात. शेवटी धोंडशिरेवर तो स्ट्रोमायरचा बारीक छेद. आणि मग डेनिस ब्राउनचा दांडा, पण काम बदलून: पाऊल सरळ करायला नव्हे, सरळ झालेलं धरून ठेवायला. हिपोक्रेटिसचा क्रम परत आला.

ते धरून ठेवणं का लागतं, हा आईचा प्रश्न. ज्या ऊतींनी पाऊल आत ओढलं त्या पाच-सहा आठवड्यांत स्वभाव बदलत नाहीत. त्यांची ओढ चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत टिकते. वळलेलं पाऊल साठ ते सत्तर अंशांत बाहेर, दोन बुटांमधलं अंतर बाळाच्या खांद्यांइतकं. एकट्या पायात बूट घालून हे साधत नाही. दुसरा पाय टेकू म्हणून लागतो. माझा सरळ आतल्या कडेचा, लोखंडी पट्टीचा बूट नेमकं तेच करू शकत नव्हता.

पोन्सेतीचा पहिला मोठा लेख १९६३चा. मी जन्मले त्याच्या सोळा वर्षं आधीचा. मग मुंबईत, किंवा लंडनमध्ये, कुणी तो मनावर का घेतला नाही? कारणं कळण्यासारखी आहेत. त्या लेखात निम्म्याहून जास्त पावलं काही प्रमाणात पुन्हा वळल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. शिवाय प्लास्टर सगळेच घालत होते. अंगठा कुठे टेकवला एवढा फरक लेख वाचून कळत नाही. आणि सर्जनला शस्त्र खाली ठेव असं सांगणारा लेख सर्जन किती आस्थेने वाचणार! १९९५मध्ये आयोवाच्या कूपर आणि डीट्झ यांनी जुन्या रुग्णांना, आता सरासरी चौतीस वर्षांच्या माणसांना, परत बोलावून तपासलं. ४५ पैकी ३५ जणांची, म्हणजे ७८ टक्क्यांची, पावलं उत्तम किंवा चांगली होती. जन्मतः सरळ पाय असलेल्यांच्या तुलनेच्या गटात हे प्रमाण ८५ होतं. तेव्हा कुठे जग वळलं, आणि त्यातही इंटरनेटवर एकमेकांना शोधणाऱ्या आईबापांनी डॉक्टरांना ओढत नेलं. पोन्सेती तेव्हा ऐंशी ओलांडून गेला होता. २००९मध्ये, पंचाण्णव वर्षांचा होऊन तो वारला. ३ जून हा त्याचा वाढदिवस आता क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

यशाबरोबर एक नवा शब्द आला, 'नॉन-कम्प्लायन्स'. आयोवाच्या आकड्यांत ज्या घरांनी बूट सांगितल्याप्रमाणे वापरले त्यांच्यात ६ टक्के पावलं पुन्हा वळली, ज्यांनी वापरले नाहीत त्यांच्यात ८० टक्क्यांहून जास्त. आकडे खरे आहेत. पण त्यांचा रोख कुणाकडे जातो हेही बघा. ग्रहण गेलं आणि बूट आले. आई आहे तिथेच आहे.

म्हणून मला पुढच्या काळातल्या त्या लोकांचं अप्रूप वाटतं ज्यांनी विचारलं, बूट आई काढते का, की बूटच असा आहे की काढावा लागतो? जुने चामडी बूट कडक होते. टाच निसटायची, कातडी सोलवटायची. आयोवातल्याच जॉन मिचेल या कारागिराने पोन्सेतीच्या सांगण्यावरून आतून मऊ रबराचं अस्तर असलेली, तीन पट्ट्यांची सँडल केली. डॉ. मॅथ्यू डॉब्ज यांनी दांड्याला बिजागरी दिली, म्हणजे बाळाला एकेक पाय वेगळा हलवता येतो. आणि युगांडात मिकिएल स्टेनबेक या डच तंत्रज्ञाने उलट बाजूने विचार केला: जिथे मिचेलची सँडल परवडणार नाही तिथल्या चांभाराला, लोहाराला जे साहित्य मिळतं त्यातून काय बनेल? चामडं, लोखंडी पत्रा, लोखंडी दांडा. टाचेपाशी एक भोक ठेवलं, त्यातून टाच खाली बसली आहे की नाही ते बाहेरून दिसतं. आपल्याकडच्या कितीतरी क्लबफूट क्लिनिकांत मिळणारे बूट याच घराण्यातले. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मतः शोधायच्या व्यंगांच्या त्याच्या यादीत क्लबफूट आहे. माझ्या आईला पाच डॉक्टर फिरून जे नाव कळलं ते आता आशाताईला माहीत असतं.

भाच्याचे बूट भोकवाले होते. पहिल्या दोन रात्री तो रडला, घरही रडलं, तिसऱ्या रात्री त्याला दांडा आपटून आवाज काढता येतो हे समजलं. झोळी गुंडाळून ठेवावी लागली, कारण दांड्यासकट बाळ झोळीत मावत नाही. आईला हे फार लागलं. चोविसावा तास आंघोळीचा. त्यातही पायाला तेल नको, टाच सरकते, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आईने लॅव्हेंडरचं नावही ऐकलेलं नाही, पण तेल-मालिशवर तिचा त्याच्याइतकाच विश्वास. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा बूट लहान व्हायला आले होते आणि भाऊ पुढच्या मापासाठी तीन आठवडे फोन करत होता.

तो चालला वेळेवर. धावला. अडीच वर्षांचा असताना मोरीत उकिडवा बसून बादलीतली खेळणी धूत बसायचा, दोन्ही टाचा फरशीवर पक्क्या टेकवून. मी स्टुलावर बसून बघायचे.

२०२२च्या दिवाळीनंतर त्याचं उजवं पाऊल पळताना आत पडायला लागलं. भावजयीच्या आधी मला दिसलं. अशा गोष्टी मला दिसतात. डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं, वर उचलून पाहिलं आणि न रागावता विचारलं, "रात्रीचे बूट?"

भावजय खाली बघत म्हणाली, "रोज घालतो. म्हणजे, दिवाळीत कऱ्हाडला गेलो होतो तेव्हा... आणि त्याआधीही थोडं..."

भाऊ गप्प. मग आई म्हणाली, "तिने नाही काढले. मी काढायचे, ती झोपल्यावर. पोरगं कुशीवर वळू शकत नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मंगळवारी पुन्हा प्लास्टर लागलं.